वारं, लकवा आणि नववा मणका

मराठवाड्यात माणसाच्या अंगावरून वारं जातं. "पाटलाच्या अंगावरून वारं गेलं" असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा कुठलं वारं हे विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, "डावं का उजवं?" प्रश्न खेड्यातला असला तरी मोठा नेमका आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की शरीराची एक उभी बाजू जाते: डावा हात-डावा पाय, नाहीतर उजवा हात-उजवा पाय. उजवं गेलं तर पुष्कळदा बोलणंही जातं. पारावरच्या म्हाताऱ्यांना मेंदूची रचना ठाऊक नसते, पण त्यांनी अशी माणसं पाहिलेली असतात, आणि डाव्या-उजव्याचा फरक त्यांनी मनाशी पक्का करून ठेवलेला असतो.

माझ्या काकूला भेटायला येणारेही हेच विचारायचे. काका सांगायचे, "दोन्ही." मग ते थांबून म्हणायचे, "खालचं. कंबरंखालचं." यावर पुढे काय बोलावं ते कुणाला सुचत नसे, कारण वाऱ्याच्या हिशोबात खालचं-वरचं बसत नाही. आणि काकू अंथरुणातूनच ओरडून सांगायची, "मला काय वारंबिरं गेलं नाही बाबा. माझ्यावर माळवद आलं."

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावं थकून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि आसपासच्या लातूर-उस्मानाबादच्या गावांखालची जमीन हलली. किती माणसं गेली आणि जगभरातून कशी मदत आली हे पुष्कळ लिहून झालं आहे. मला सांगायचंय ते माळवदाबद्दल. आमच्याकडची जुनी घरं खणाची. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर माती, हेच माळवद. पावसाळ्याच्या तोंडी त्या मातीवर आणखी पांढरी माती टाकायची, म्हणजे घर गळत नाही. आजोबा टाकायचे, त्यांचे वडील टाकायचे. दर वर्षीचा थर जुन्या थरावर चढत जायचा. ऊन्हाळ्यात घर गार आणि थंडीत उबदार, म्हणून सगळ्यांना त्या घराचा अभिमान. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर किती पिढ्यांची माती आहे, हे त्या पहाटेपर्यंत कुणाच्या मनात आलं नव्हतं.

काकू लेकराला ओढून घ्यायला उठली होती. ती वाकलेली असताना तुळई आणि माती तिच्या पाठीवर आली. लेकरू तिच्या पोटाखाली वाचलं. ते आता पुण्यात नोकरी करतं आणि ही गोष्ट निघाली की उठून बाहेर जातं.

उजाडल्यावर तिला बाहेर काढलं ते काखेत धरून, ओढून. दुसरं काय करणार होते? हाताने दगड उपसणारे लोक, तिच्या शेजारी अजून दोघं गाडलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, मग जीपमध्ये, मग कुठल्या तरी शहरातल्या दवाखान्यात जमिनीवर अंथरलेल्या गादीवर. तिथून बऱ्याच आठवड्यांनी ती परत आली तेव्हा बरोबर एक पिवळं कार्ड होतं. त्यावर इंग्रजीत एक शब्द: पॅराप्लेजिया.

तो शब्द घरात कुणाला वाचता येईना. मेडिकलवाल्याने तो "पॅरालिसिस" असा वाचला आणि म्हणाला, लकवाय. आबा, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. ते कार्ड उलटंसुलटं करून म्हणाले, "फालिज." येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठरवलं, वारं. एका दिवसात आमच्या घरात त्या आजाराला चार नावं मिळाली, आणि प्रत्येक नावाबरोबर त्याचा त्याचा औषधोपचार आला. लकवा म्हटला की पारव्याचं रक्त चोळायचं. वारं म्हटलं की तेलाची मालीश आणि शेक. फालिज म्हटलं की आबांच्या ओळखीच्या हकीमाकडची माजून, म्हणजे औषधी चाटण. कार्डावरच्या शब्दाबरोबर मात्र काहीच आलं नाही. त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, म्हणून त्याचं पथ्यही कुणाला कळलं नाही.

शेकाचा परिणाम वाईट झाला. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून कुणीतरी मायेने काकूच्या पोटरीला लावली. तिला काही कळलं नाही, म्हणून ती ओरडली नाही. वीट काढली तेव्हा कातडी बरोबर आली. ती जखम भरायला पुढचा पावसाळा उजाडला.

मी त्या शब्दामागे लागले ते पुष्कळ नंतर, शिकायला शहरात गेल्यावर. वाटत होतं, डॉक्टरी शब्द म्हणजे काटेकोर, त्यात घोळ नसणार. घोळ आमच्या वाऱ्यात आणि लकव्यात. पाहिलं तर उलटंच.

शब्द ग्रीक. 'पारा' म्हणजे बाजूला, शेजारी. 'प्लेगे' म्हणजे घाव, फटका. मारणं, हाणणं या अर्थाच्या 'प्लेसेइन' या क्रियापदाच्या घरातला हा शब्द. त्याच घरातून 'अपोप्लेक्सी' आला, म्हणजे एका फटक्यात आडवं होणं. सतारीसारखी तंतुवाद्यं छेडायच्या नखीला इंग्रजीत 'प्लेक्ट्रम' म्हणतात, तेही त्यातलंच. आणि 'प्लेग' सुद्धा: देवाने घातलेला घाव. ज्या प्लेगात आमच्या पणज्याच्या पिढीने गाव सोडून रानात खोपटी घातली, तो प्लेग आणि काकूच्या कार्डावरचा प्लेजिया सख्खे चुलत भाऊ निघाले. आता 'पारा' अधिक 'प्लेगे' याचा सरळ अर्थ काय होतो? बाजूवर बसलेला घाव. हिपॉक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावाने चालणाऱ्या जुन्या ग्रंथांच्या काळात या शब्दाचा अर्थ कमरेखालचा पांगळेपणा असा नव्हताच. एका अंगावर पडलेला झटका, म्हणजे आपलं डावं-उजवं वारंच. पुढे अनेक शतकांच्या वापरात एका बाजूच्या झटक्याला 'हेमिप्लेजिया', म्हणजे अर्ध्या अंगाचा घाव, हे नाव मिळालं आणि 'पॅराप्लेजिया' हळूहळू घसरत कमरेखाली येऊन बसला. मेडिकलवाल्याने केलेली गफलत शब्दाच्या पोटातच दोन हजार वर्षं पडून होती.

'पॅरालिसिस'चा अर्थ आणखी वेगळा. त्यातलं 'लिसिस' म्हणजे सुटणं, सैल होणं. एकात फटका, दुसऱ्यात ढिलेपणा. माणूस पाहणाऱ्याच्या नजरेने दोन्ही बरोबर आहेत. एक पडण्याचा क्षण पाहतो, दुसरा पडल्यानंतरचा हात पाहतो.

आपल्याकडे काय होतं? 'पक्षाघात' हा शब्द घ्या. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे घाव. ग्रीकांनी जे जोडलं तेच, जसंच्या तसं. चरकाने तर 'पक्षवध' असा शब्द वापरला आहे, बाजूचा वधच. वधाइतका कडक शब्द आजच्या डॉक्टरांच्या तोंडी येणार नाही. पण खरा थक्क करतो तो सुश्रुत. वातव्याधींची चर्चा करताना तो सांगतो की कमरेत ठाण मांडलेला वायू एका मांडीच्या शिरा-कंडरांना ओढतो तेव्हा माणूस खंज, म्हणजे लंगडा, होतो, आणि दोन्ही मांड्यांचा वध झाला की पंगु होतो. कारण वायूचं आहे, ते सोडून द्या. पण जागा बघा: बिघाड कमरेत आणि परिणाम दोन्ही मांड्यांवर. पायात काहीतरी झालं असेल असं तो म्हणत नाही. आपण ज्याला सहज 'पांगळा' म्हणतो, त्या शब्दाची ही जुनी, नेमकी व्याख्या आहे. पॅराप्लेजियाला मराठीत शब्द हवा म्हणून पुढे 'अधरांगघात' बनवला गेला. अधर म्हणजे खालचा. मराठी कविता वाचलेल्या माणसाला मात्र अधर म्हटलं की ओठच दिसतात, आणि तो शब्द ऐकून ओठांना काय झालं असं वाटतं. (ओठाला अधर म्हणतात तेही खालचा म्हणूनच.) हाताशी पांगळा असताना हा उपद्व्याप का करावा लागला, त्याचं कारण उघड आहे: पांगळा आपण शिवीसारखा वापरून खराब केला.

लकवा आणि फालिज दोन्ही अरबीतून आलेले. युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडं होणं. फालिजच्या मुळाशी दुभंगण्याचा अर्थ आहे, माणूस उभा चिरला जाऊन एक फाक निकामी व्हावी तसा. आबांच्या हकीमाने म्हणे ऐकताक्षणी दुरुस्ती केली होती: नुसतं फालिज नव्हे, 'फालिज-ए-अस्फल', खालचं फालिज. म्हणजे त्या सगळ्या गोंधळात योग्य नाव फक्त त्या म्हाताऱ्या हकीमाने घेतलं. माजून त्याने तरीही दिलीच.

मला हळूहळू एक गोष्ट दिसत गेली. वारं हा शब्द आजाराचं कारण सांगतो, ते चुकीचं असलं तरी सांगतो. जागा सांगत नाही. पॅराप्लेजिया जागा सांगतो, कारण सांगत नाही. घरातल्या माणसाला पहिल्या दिवशी दोन्ही लागतात.

जागेचं गणित मी काकूच्या अंगावरच शिकले. पाठीच्या कण्यात एकावर एक मणके, आणि त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरणारा मज्जारज्जू, करंगळीएवढ्या जाडीचा. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मानेत इजा झाली तर हातही जातात. छातीच्या मागे किंवा त्याखाली झाली तर हात राहतात आणि पाय जातात, तो पॅराप्लेजिया. आपले डॉक्टर पाठीच्या मणक्यांना 'डी' म्हणतात: डी एक ते डी बारा. काकूचा डी नऊ चुरला होता. पण तिची संवेदना संपायची बेंबीच्या किंचित खाली, आणि बेंबीचा पट्टा असतो दहाव्या मज्जातंतूचा. हाड नववं आणि नस दहाव्याच्या पुढची, हे कसं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर साधं आहे. मज्जारज्जू कण्यापेक्षा आखूड असतो, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच तो संपतो. खाली नुसत्या नसांचा झुपका लोंबत असतो. त्यामुळे जसजसं खाली जावं तसतसा मणक्याचा आकडा आणि आतल्या मज्जेचा आकडा जुळत नाही. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने जनावरांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या पातळ्यांवर कापून पाहिलं होतं की कुठे कापलं तर काय जातं. उभा चिरला तर काही जात नाही, आडवा तोडला तर खालचं सगळं जातं. एवढं ज्ञान हाती येऊनही पुढची सतराशे-अठराशे वर्षं या माणसांना कुणी वाचवू शकलं नाही.

सुरुवातीला काकूचे पाय ओल्या कापडासारखे लोळागोळा असायचे. मग काही आठवड्यांनी एका दुपारी उजवा पाय आपोआप झटका देऊन दुमडला. "पाय हाललाय गं माय!" आजीने आरोळी ठोकली. गल्ली गोळा झाली. तुळजापूरला नवस बोललेला होताच. काका दुसऱ्या दिवशी जाऊन खणा-नारळाने भवानीची ओटी भरून आले. पाय मग रोजच हलू लागला. चादर ओढली तरी हलायचा, थंड पाणी लागलं तरी हलायचा, रात्री दोन्ही पाय ताठ होऊन बाज हादरायची. फक्त काकूने हलव म्हटलं की हलत नसे.

हे होतं कसं, ते कळल्यावर मला फार वाईट वाटलं होतं, आणि थोडं नवलही. इजेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो. वरून निरोप यायचे बंद झालेले असतात, पण कातडीकडून आलेला निरोप घेऊन स्नायूला परत हुकूम सोडण्याचं त्याचं आपलं छोटं काम चालूच राहतं, आणि आवर घालणारं वरचं कुणी नसल्यामुळे ते जास्तच जोरात चालतं. पहिल्या धक्क्याने तेही गप्प झालेलं असतं. काही आठवड्यांनी जागं होतं. घरच्यांना वाटतं, सुटका झाली. त्या दिवसात कुणी भेटायला गेलं तर घरात सण असतो. डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडतानाच हे एकदा सांगून ठेवावं, असं मला आजही वाटतं. निदान ओटी कशासाठी भरतोय ते तरी माणसाला कळेल.

पाय न चालणं हा या आजारातला सगळ्यात मोठा त्रास नव्हे. चालणाऱ्यांना तो तसा वाटतो. मोठे त्रास दोन: कातडी आणि लघवी. आपण झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण दबलेली जागा दुखते. जिथे दुखत नाही तिथे माणूस तसाच पडून राहतो, रक्त अडतं, कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते. आणि मूत्राशय रिकामं होत नाही, साचतं, जंतू धरतात, मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतात. पहिल्या महायुद्धात पाठीत गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत या दोन वाटांनीच गेले. इजिप्तमधल्या एका साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या माणसाविषयी लिहिलं आहे: या आजारावर उपचार करू नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाचं मत जवळपास तेच राहिलं.

ते बदललं लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टराने. हिटलरच्या जर्मनीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेला ज्यू. १९४४ मध्ये स्टोक मँडविल इथे त्याच्याकडे मणक्याच्या जखमींचा विभाग सोपवला. त्याची युक्ती ऐकायला अगदीच साधी: दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, दिवसा आणि रात्री, न चुकता. लघवीची स्वच्छता काटेकोर ठेवायची. आणि माणसाला अंथरुणात ठेवायचं नाही, कामाला लावायचं, खेळायला लावायचं. कूस बदलली जाते की नाही हे बघायला तो म्हणे रात्रीही वॉर्डात यायचा.

आमच्या घरातला गुटमान म्हणजे काका. सातवी शिकलेले, त्यांनी हे नाव ऐकलेलं नाही. त्यांना कुणा नर्सबाईंनी दोन तासांचं सांगितलं होतं. त्यांनी गजराचं घड्याळ उशाशी ठेवलं आणि ज्वारीला पाणी द्यायच्या रात्रीसुद्धा ते शेतातून कूस बदलायला येऊन जायचे. त्यांच्या बरोबरीच्या काहींनी त्यांना दुसऱ्या लग्नाचे सल्ले दिले, तेही काकूच्या देखत. आपल्याकडे पडलेल्या बाईच्या नवऱ्याला सल्ला मिळतो आणि पडलेल्या पुरुषाच्या बायकोला व्रत मिळतं. लघवीच्या नळीबद्दल तर कुणी बोलतच नाही. दिवसातून ठराविक वेळा स्वतःच नळी घालून मूत्राशय रिकामं करण्याची पद्धत अमेरिकेत लॅपिडीझ या डॉक्टराने १९७२ मध्ये मांडली; तिने मूत्रपिंडं वाचवली. काकूपर्यंत ती पोहोचायला आणखी पंचवीसेक वर्षं गेली. आरसा धरून ते शिकणं बाईला किती जड जातं, ते मी जवळून पाहिलं आहे. शिकल्यावर काकू म्हणाली होती, "आता मी लग्नाला जाऊ शकते." आणि खरंच, पुढच्या लग्नसराईत तिने एकही लग्न सोडलं नाही.

गुटमानच्या खेळांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तारीख फार कमी जणांना. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी त्याने आपल्या आवारात १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्यात दोन बायका होत्या. आमच्याकडे तेव्हा रझाकारांचा धुमाकूळ चालला होता, मराठवाडा मोकळा व्हायला अजून दीडेक महिना होता. १९६० मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं. त्या नावातलं 'पॅरा' मुळात पॅराप्लेजियातलंच होतं. पुढे इतर तऱ्हेचे खेळाडू आले तेव्हा त्याचा अर्थ 'ऑलिंपिकच्या शेजारचं' असा लावण्यात आला. म्हणजे 'पारा' पुन्हा आपल्या जुन्या ग्रीक अर्थावर, बाजूवर, परतला. शब्दाला एवढी हौस असते.

आपले मुरलीकांत पेटकर सांगलीकडचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. मी हे काकूला उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना फौज होती पाठीशी. मला न्हाणीत जाता यायला पाहिजे."

न्हाणीचा प्रश्न खराच होता. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशोबाने दिली: २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची. आम्ही मधल्या गटात. घरं मजबूत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या भूकंपात इतक्यांचे मणके मोडले, त्याच भूकंपानंतर बांधलेल्या आमच्या घराच्या जोत्याला पायऱ्या होत्या, आणि न्हाणीच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नव्हती. उतार कसा हवा याचा साधा नियम आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आमच्या अंगणात बारा फूट होते म्हणून काकांनी तो करून घेतला. शेजारच्या गावातल्या एका पोराच्या घराला केलेला उतार मी पाहिला आहे. त्यावरून शेळी चढताना विचार करील.

काकूने शिलाई सुरू केली ती पायमशीनला हाताचं चाक बसवून. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हाताने कापड सरकवायचं. शिवण सरळ येईना म्हणून आधी वाकळाच शिवल्या, वाकळेला वाकडी शिवण चालते. मग झबली, मग ब्लाउज. तिच्या हातच्या ब्लाउजची बाही आजही गावात मानली जाते.

याच सुमारास तिला पांगुळ आवडायला लागला. पूर्वी वासुदेवासारखा पांगुळही पहाटे यायचा, झाडावर नाहीतर भिंतीवर चढून बसायचा आणि दान मागायचा. तो सूर्याच्या सारथ्याचं, अरुणाचं नाव घेतो. विनतेने घाईने अंडं फोडलं म्हणून अरुण कमरेखाली अपुरा जन्मला. त्याचं दुसरं नावच अनूरु, मांड्या नसलेला. संतांनी या पांगुळावर रूपकं रचली. कीर्तनकार ती सांगताना पांगळेपणाचं परमार्थात रूपांतर करतात, ते ऐकून काकू कंटाळते. तिला भावतो तो अरुणाचा धंदा. "बसून करायचं काम दिलं बघ त्याला," ती म्हणते. "सात घोडे हाकतोय."

सरकारी प्रमाणपत्रावर तिचा प्रकार लिहिला आहे 'अस्थिव्यंग'. हाडं तर केव्हाच जुळून आली. व्यंग आहे मज्जेत. पण रकान्यांना हाड समजतं. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, कार्डं आली, 'दिव्यांग' हा शब्द आला. काकूला त्या शब्दाचं काही वाटत नाही. पैसे वेळेवर आले की कुठलाही शब्द चालतो, असं तिचं मत आहे, आणि मला ते पटतं.

पण एका बाबतीत ती शब्दाला फार जपते, आणि ते तिने स्वतःच्या अंगाने कमावलं आहे. आमच्या भागात कमरेखालून गेलेली माणसं सगळीच भूकंपातली नाहीत. विहीर खणताना कडा ढासळून, मोटारसायकलवरून, पत्र्यावरून पडून गेलेली आहेत. आणि काही अशी की ज्यांच्यावर काहीच पडलेलं नाही. पलीकडच्या वाडीत एका सुनेचे पाय दोन महिन्यांत हळूहळू गेले. सासरचे म्हणाले, वारं. तेल सुरू झालं. काकूने निरोप धाडला: पाठीत दुखतं का, रात्री कणकण येते का, पाठीला पोक निघालंय का? तिन्हींचं उत्तर हो आलं. मणक्याचा टीबी. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्लिश शल्यविशारदाने १७७९ मध्ये याच दुखण्याचं वर्णन केलं होतं, पाठीचं पोक आणि पायांची शक्ती जाणं यांची सांगड घालून; जंतू सापडला त्यानंतर शंभरेक वर्षांनी. आज त्यावर गोळ्या आहेत, काहींना ऑपरेशन लागतं, आणि वेळेत पोहोचलेली पुष्कळ माणसं पुन्हा चालतात. ती सून चालते. तिच्या कार्डावरही पहिल्या दिवशी काकूच्याच कार्डावरचा शब्द होता.

गेल्या चिंचांच्या हंगामात मी घरी होते तेव्हा फोन आला. कुणी चिंचा झोडपायला झाडावर चढलेला गडी खाली आला होता, पाठीवर. पाय उचलत नाहीत म्हणत होते. फोन करणाऱ्या पोराने पहिल्या वाक्यातच सांगितलं की भीतीनं वारं गेलं असेल. काकूने मशीन थांबवली, फोन कानाशी आणि खांद्यात धरला आणि सुरू झाली:

"वारं नाही, मणका म्हण. दवाखान्यात बी तसंच सांग. त्याला उठवू नका. बसवून पाणी पाजू नका, तोंड ओलं करा फक्त. काखेत धरून ओढायचं नाही, ऐकलं का? १०८ ला लावला का फोन? मग लाव आधी. गाडी येईस्तोवर कुणाच्या तरी दाराची फळी काढून ठेवा. उचलायची येळ आलीच तर एकानं डोकं धरायचं, चौघांनी अंग, एकदम, पिळू न देता. आणि शेकबिक कुणी आणलं तर हाणा त्याला. आता त्याच्या पायाला बोट लाव. कळतंय? नाही? गुडघ्याला? मांडीला? बेंबीला लाव. तिथं कळतंय ना? बरं. कुठपर्यंत कळतंय तिथं पेनानं रेघ मार आणि ती डाक्टरला दाखव. आणि इचार त्याला, सकाळधरनं लघवी झालीय का."